नीळकंठाचा खण

चतुराबाईने सुईत दोरा ओवला, मांडीवरचा होला उताणा केला आणि त्याच्या पोटाची उघडी कड चिमटीत धरली. होला म्हणजे आता नुसतं कातडं आणि पिसं. आतलं मांस धर्मपालने सकाळीच काढलं होतं, कातड्याला कीड लागू नये म्हणून आतून सोमलाचा साबण फासला होता आणि मांसाच्या जागी पिंजलेला कापूस भरला होता. शिवणं तेवढं मायचं.

"लय भरला रे कापूस," ती म्हणाली. "हा होला हाय का पाटलाचा जावाई?"

"मंग काढ थोडा," धर्मपाल हसत म्हणाला. तो दाराजवळच्या पाटावर बसून दुसऱ्या एका पाखराच्या पायाला चिठ्ठी बांधत होता.

चतुराबाईने बोटाने थोडा कापूस बाहेर ओढला. पंखाच्या मुळाशी काहीतरी टणक लागलं. तिने मान न उचलता सुईच्या टोकाने ते उकरलं. ज्वारीच्या दाण्याहून लहान असा शिशाचा छर्रा होता. तिने तो अलगद चुलीजवळच्या राखेत टाकला आणि टाका घातला.

धर्मपाल अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता. दर रविवारी मुलांना घेऊन भातकुलीच्या वाटेवर हिंडायचं, कोणतं पाखरू कुठं बसतं, काय खातं, घरटं कशाचं बांधतं हे त्यांना दाखवायचं आणि आठवड्यातून एकदोन पाखरं कॉलेजच्या नव्या कपाटासाठी भरून तयार करायची, असं त्याचं काम. मुलगा हुशार, पण बोटं बापाची, देवमनची. कुऱ्हाड धरावी तशी तो सुई धरायचा. त्याने शिवलेलं पहिलं कोतवाल पाखरू पाहून त्याचे वामनराव सर म्हणाले होते, की हा पक्षी आहे की फाटकं पोतं? ते त्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा चतुराबाई म्हणाली, "आन इकडं." जन्मभर वाकळी शिवलेला हात तिचा. तेव्हापासून सर कपाट उघडून पाहुण्यांना टाके दाखवायचे, आणि टाके दिसतच नाहीत म्हणून पाहुणे चकित व्हायचे.

ही पाखरं येतात कुठून, असं तिने सुरुवातीला एकदाच विचारलं होतं. धर्मपाल म्हणाला होता, तारेला आपटून मरतात, वावटळीत सापडतात, मांजरं धरतात. चतुराबाईने मान डोलावली. पण कातड्यावरची गोल गोल भोकं रफू करताना अमरावतीच्या मांजरांना असे वाटोळे दात कसे, हा प्रश्न तिला पडायचाच. शिवाय वाकळींच्या चळतीमागे जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. ती सरांची छत्री आहे, असं धर्मपाल सांगायचा. छत्री चैत्रातही बाहेर जायची आणि वैशाखातही. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्याला लहानपणापासून जमलं नव्हतं.

तिने मात्र तोंडातून ब्र काढला नाही. का काढला नाही, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. दीक्षेला सहा वर्षं होत आली होती. नागपूरला त्या गर्दीत ती पांढरं लुगडं नेसून मुलाच्या हाताला धरून उभी राहिली होती आणि जीवहत्या करणार नाही, हे पहिलं शील तिने घसा ताणून म्हटलं होतं. परत येताच, घरी ज्याला 'धर्मा' म्हणायचे तो मुलगा धर्मपाल झाला. ती म्हटल्याप्रमाणे वागायचीही. विंचू निघाला तर चिमट्याने उचलून नाल्यापलीकडे सोडायची. ढेकणांचं काय करायचं, हे कुणाला विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून बाज उन्हात टाकून ती त्यांना आपापल्या वाटेनं जायला सांगायची. आणि त्याच घरात, त्याच हातांनी, ती छर्ऱ्यांची भोकं बुजवत होती. मेलेल्याला शिवणं म्हणजे मारणं नव्हे, अशी तिने मनाची समजूत घातली होती. पण मुलगा मारतो, आणि मारतो ते आपल्यापासून लपवतो, याने तिचा जीव आतल्या आत कुरतडायचा. मारण्यापेक्षा लपवणं तिला जास्त लागायचं.

"कपाटाचा आता एकच खन उरला, माय," धर्मपाल म्हणाला.

"कोनाचा?"

"नीळकंठाचा. दिवाळीच्या सुट्टीआधी कपाट पुरं झालं पाह्यजे, म्हन्तात सर. झालं का शिबिराले माहं नाव पाठवतात."

शिबिराचं नाव निघालं की त्याचा चेहरा उजळायचा. त्याने ते तिला कितीदा तरी समजावून सांगितलं होतं. दूर रानात तंबू ठोकून राहायचं, पहाटे बारीक जाळी लावायची, पाखरं जिवंत धरायची, पायात हलकंसं कडं घालायचं आणि सोडून द्यायची. मग ते कडं घातलेलं पाखरू दुसऱ्या मुलखात कुणाला सापडलं, तर ते कुठून कुठं गेलं हे कळतं.

"जिवंत सोडाचं शिकासाठी," चतुराबाई म्हणाली, "आधी एक मारू..." तिने जीभ चावली. "आधी एक मेलेलं आनून द्या लागते?"

धर्मपालच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तशीच रीत हाय," तो म्हणाला आणि चिठ्ठीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधू लागला.

शिबिराची त्याला इतकी ओढ होती, की मासिकातलं चित्र पाहून त्याने स्वतःच काळ्या रेशमी दोऱ्याचं जाळं विणलं होतं. बायको मैना बाळंतपणासाठी बार्शीटाकळीला माहेरी गेल्यापासून त्याच्या संध्याकाळी त्यातच जायच्या. दोन बांबूंना बांधून त्याने ते अंगणात ताणून पाहिलं, तर पहिल्या दिवशी शेजारच्या पार्बताबाईचा कोंबडा अडकला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः चतुराबाई, घमेल्यासकट.

"मलेबी कडं घाल एक पायात," ती जाळ्यातून ओरडली होती. "हरवलो तं लोकं तुह्याकडं आनून देतीन."

पार्बताबाईचा मळा त्यांच्या खोल्यांना लागूनच होता. मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. ती आणि तिचा नवरा गोवर्धन भाजी पिकवायची आणि सणासुदीला फुलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती झेंडू तोडत होती आणि चतुराबाई कुंपणाशी उभी राहून तिला ऐकवत होती.

"इतका झेंडू कोनाच्या डोक्यावर घालतं वो?"

"तुह्या," पार्बताबाई म्हणाली. "तू उद्या पांढरं नेसून जाशील तुमच्या विहारात, तं एखादी माळ घेऊन जा. पैसे नोको देऊ."

"फुलाले नाई नाई म्हनत मी."

पार्बताबाईने कंबर सरळ केली आणि विहिरीवरून गेलेल्या तारेकडे हनुवटी उडवली. तारेवर नीळकंठ बसला होता. बसलेला असताना मातकट, जाड मानेचा, रुसलेल्या म्हाताऱ्यासारखा. मग त्याने जमिनीवर झेप घेतली आणि पंख उघडले, तेव्हा मळ्यात जणू कुणी निळं लुगडं झटकलं.

"थो पाह्य," पार्बताबाई म्हणाली. "उद्या सक्काळी आदी त्याले पाहीन, मंगच सोनं वाटू. दसऱ्याले नीळकंठ दिसला का साल बरं जाते. मांगच्या साली दिसला तं कांद्यानं तारलं. त्याच्या मांगच्या साली नाई दिसला, तं बैल गेला."

"बैल म्हातारा झालता तुमचा."

"तुले काय समजते! तुमच्यात नसते हे."

"नसते," चतुराबाई म्हणाली. पण तिची नजर तारेवरच होती. आसपास नीळकंठाची ही एकच जोडी होती, आणि धर्मपाल गेले काही दिवस याच तारेकडे मान वर करून पाहत उभा राहायचा, हे तिने पाहिलं होतं.

त्या संध्याकाळी तिने ठरवलं, की आज विचारायचंच. तिने वांग्याचं भरीत केलं, ज्वारीच्या भाकरी थापल्या, मुलाच्या ताटात तेल जास्त वाढलं. धर्मपाल खाली मान घालून जेवला. दोघांच्याही जिभेवर काहीतरी होतं आणि दोघंही ते भाकरीबरोबर गिळत होती.

"उद्या धम्माचा दिवस हाय," ती शेवटी एवढंच म्हणाली.

"हो. पहाटं जाऊन येतो जरासा. विहारात जायच्या येळेले येतोच."

दिवा मालवल्यावर चतुराबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

सकाळी उठली तर धर्मपाल गेलेला होता. तिने वाकळींच्या चळतीमागे हात घातला. छत्री नव्हती. जुनं लुगडं मात्र व्यवस्थित घडी घालून ठेवलेलं होतं. चतुराबाई तिथंच भुईवर बसली. निदान आजचा दिवस तरी त्याने पाळायला हवा होता, असं तिला राहून राहून वाटलं, आणि रडू येईल म्हणून ती उठली, आंघोळ करून पांढरं लुगडं नेसली आणि अंगणात आली.

कुंपणापलीकडे पार्बताबाई नव्या लुगड्यात मान वर करून चकरा मारत होती.

"तारेवर नाई," ती म्हणाली. "बोरीवर नाई. निंबावर नाई. त्याची बाई बसली हाय तथी एकटी, पन थो नाई."

"असन कुठंतरी."

"रोज असते इथं. आजच काहून नाई?" पार्बताबाई कुंपणाजवळ आली आणि तिचा आवाज खाली उतरला. "चतुराबाई, खरं सांगजो. तुहा पोरगा अंधारातच गेला. मी पाह्यला. काखेत काईतरी लंबं होतं त्याच्या. बंदूक तं नाई ना वो त्याच्याजवळ?"

खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. छत्री म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण अंगावर पांढरं लुगडं होतं, आणि तासाभराने ती विहारात शीलं म्हणायला बसणार होती.

"हाय," चतुराबाई म्हणाली. "बंदूक हाय त्याच्याजवळ."

हे तिने आजवर स्वतःशीही उच्चारलं नव्हतं. पार्बताबाईचा हात मेंदीच्या फांदीवर तसाच राहिला.

इतक्यात गल्लीतून धर्मपाल आला. सदरा चिखलाने माखलेला, गुडघ्याला खरचटलेलं, खांद्यावर दोन बांबू आणि त्यांना गुंडाळलेलं काळं जाळं. गळ्यात कापडी पिशवी लोंबत होती. कुंपणाशी दोन बायकांना गप्प उभं पाहून तो थबकला.

"काय हाय त्या पिसवीत?" पार्बताबाईने विचारलं.

उत्तर पिशवीनेच दिलं. ती आतून उडी मारल्यासारखी हलली आणि खर्रखर्र असा रागावलेला आवाज आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी पार्बताबाईची गत झाली होती.

"जिवंत हाय?" चतुराबाईने विचारलं.

"जिवंत हाय." धर्मपालने बांबू खाली ठेवले. "नाकतोडा बांधून बसलो होतो नाल्याजवळ. तीनदा चुकला. चवथ्यानं आला जाळ्यात." मग जरा थांबून, कुणीही विचारलेलं नसताना तो म्हणाला, "थे सरांची छत्री काल परत देऊन आलो."

"आन् खन?" चतुराबाई म्हणाली.

"तेच तं." तो तिच्यासमोर पायरीवर बसला. रात्रभर झोपला नसावा. "हा सरांकडं नेला तं कपाट पुरं होते. संध्याकाळपर्यंत तुह्या मांडीवर येते शिवाले. नाई नेला तं या सालचं शिबिर गेलं. जाळ्यातून काढला तवापासून इचार करून राहिलो, माय. मले नाई ठरवता येत. तू सांग."

त्याने पिशवीत हात घातला, पंख शरीराशी दाबून धरत नीळकंठ बाहेर काढला आणि कसं धरायचं ते दाखवत तिच्या दोन्ही तळव्यांत दिला.

चतुराबाईच्या हातांखालून कितीतरी पाखरं गेली होती. त्यांची मान कशी लवते, पंख कुठं दुमडतो, पिसं कोणत्या बाजूने सारखी करायची, सगळं तिला ठाऊक होतं. पण ती सगळी गार होती आणि कापसाइतकी हलकी होती. हे पाखरू ऊन होतं. चुलीवरून नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखं ऊन. आणि त्याचं काळीज तिच्या बोटांवर इतकं भराभर आपटत होतं, की ते पाखराचं की आपलं, हेच तिला कळेना. असं काही असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिला हसूही आलं.

नीळकंठाने मान वळवली आणि अंगठ्याच्या मुळाशी तिला कडकडून चावला.

"माय, धर, धर," धर्मपाल म्हणाला.

तिचे हात हलले नाहीत. चोच रुतलेली असतानाच तिने मुलाकडे पाहिलं. शिबिराच्या गोष्टी सांगताना उजळणारा त्याचा चेहरा तिला आठवला. मग तिने दोन्ही तळवे उघडले, पोह्यांची बशी पुढे करावी तसे.

नीळकंठ क्षणभर तसाच बसून राहिला. आपण सुटलो यावर त्याचाही विश्वास बसला नसावा. मग तो उडाला आणि अंगणभर निळं निळं झालं.

"आवो!" पार्बताबाई घराकडे तोंड करून ओरडली. "या ना लवकर! दिसला! हातभर अंतरावरून दिसला!"

गोवर्धन अर्धा फेटा गुंडाळत आणि अर्धा जमिनीवरून ओढत धावत आला. नीळकंठ तोवर तारेवर मादीशेजारी जाऊन बसला होता आणि खाली पाहून सगळ्यांना शिव्या घालत होता. गोवर्धनने हात जोडले. पार्बताबाईने जोडले, आणि मग तिचं लक्ष चतुराबाईकडे गेलं.

"अवं, लुगड्यावर शिटला न तुह्या!"

पांढऱ्या लुगड्यावर, बरोबर समोर, पाखराने आपली खूण सोडली होती.

"शुभ हाय वो," पार्बताबाई हरखून म्हणाली. "लय शुभ हाय. अशी गोष्ट कोनाले भेटते!"

"आमच्यात शुभ-अशुभ नसते," चतुराबाई म्हणाली. "आमच्यात हे धुवा लागते."

धुऊनही डाग पुरता गेला नाही. तो निऱ्यांत दडवून ती मुलाबरोबर विहाराकडे निघाली. गळ्यात पार्बताबाईने घातलेली झेंडूची माळ होती आणि अंगठ्याला चिंधी. रस्त्याने पांढऱ्या कपड्यांतली माणसं झेंडे घेऊन चालली होती. धर्मपाल दुखावलेला दिसत नव्हता. मध्येच तो तारेकडे पाहायचा आणि स्वतःशी हसायचा.

"सरांले सांगतो," वळणावर तो म्हणाला, "का जाळं फाटलं आन् निसटला. एकदा धरला होता म्हटलं तं पुढच्या साली तरी इचार करतीन."

चतुराबाईने अंगठ्याची चिंधी घट्ट केली.

विहार म्हणजे टिनाचं छप्पर आणि सारवलेली भुई. खुशालराव गुरुजी पुढे बसले होते. ते एकेक शील सांगत आणि सगळे त्यांच्यामागून म्हणत. चतुराबाई मुलाच्या अगदी जवळ बसली होती, डोळे मिटून, हात जोडून.

जीवहत्या न करण्याचं पहिलं शील आलं. आज किती दिवसांनी तिला शेजारून धर्मपालचा आवाज स्वच्छ ऐकू आला. दुसरं झालं, तिसरं झालं. मग चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. सगळ्यांचे आवाज उठले आणि शेजारचा आवाज मात्र पुटपुटण्यावर गेला.

चतुराबाईने डोळे उघडले नाहीत. जोडलेले हातही सोडले नाहीत. तिने फक्त उजवं कोपर धर्मपालच्या बरगडीत जोराने खुपसलं.

धर्मपालने दचकून तिच्याकडे पाहिलं. मायचा चेहरा शांत होता, ओठ शील म्हणत होते. तो पाहत राहिला. मांजरं, वावटळी, तारा, छत्री आणि आता फाटलेलं जाळं अशा त्याने सांगितलेल्या सगळ्या गोष्टी त्याच्या तोंडावरून एकामागून एक सरकत गेल्या, आणि शेवटी त्याचे कान लाल झाले.

मग त्याने ते शील म्हटलं. बाकीच्यांचं म्हणून झालं होतं, त्यामुळे त्याचा एकट्याचाच आवाज टिनाखाली घुमला आणि पुढच्या रांगेतले दोघेतिघे मागे वळून पाहू लागले.